लोहाराच्या ताटातला पालक

"खा म्हणतो ना, खा. नाहीतर चिमट्यानं तोंड उघडीन," लोहार लेकीवर खेकसला. सहा वर्षांची मुंगी ओठ घट्ट मिटून पालकाकडं बघत राहिली.

आक्का चुलीशी बसून ऐकत होती. लोहाराची ही थोरली बहीण. मुंगीची आई गेल्यापासून घर अन् भट्टीमागचा भाजीचा तुकडा तिच्याच गळ्यात. वाफे हिरवेगार, घरातली पोर मात्र पांढरीफटक. आठवड्यापूर्वी शाळेत रांगेतच भोवळ येऊन पडली. नर्सबाईनं पापणी खाली ओढून बघितली. "अंगात रक्त नाही हिच्या. पालेभाजी पोटात जाऊ द्या," म्हणाली.

तेव्हापासून लोहाराच्या अंगात फौजदार शिरला होता. पोर भीतीनं घास घ्यायची, गालात धरायची अन् मागल्या दारी थुंकून यायची.

आक्कानं त्याच्या ताटाकडं बघितलं. "तुझ्या कडेला ते काय वाळत घातलंस?"

पालकाचं पान न् पान वेचून त्यानं ताटाच्या काठाला लावलं होतं.

"मला काय आता वाढायचंय? माझ्यात रक्त भरपूर आहे."

"रक्त आहे, अक्कल नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? तूही असाच गालात धरून थुंकायचास. मीच पुसायची."

दिवसभर लोखंड वाकवणारा गडी, पण पानाएवढ्या भाजीला भ्यायला.

आक्कानं मुंगीचं ताट उचललं. "तू नको खाऊस, बाई. आजपासून भाजी बाप खाणार. तू नुसती बघ."

लोहारानं लेकीच्या फिक्या ओठांकडं बघितलं अन् घास तोंडात घातला. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा झाला. मुंगी खुदकन हसली. दुसऱ्या घासाला ती सरकत त्याच्या मांडीशी आली.

"कडू आहे?"

"नाही. गिळगिळीत आहे."

निदान खरं बोलला. मुंगीनं त्याच्या ताटातलं एक पान उचललं, बापासारखंच तोंड वेडंवाकडं केलं अन् गिळलं. मग एक त्यानं, एक तिनं.

महिन्याभरानं एक शेतकरी नांगराच्या फाळाला धार लावायला आला. "पोरगी तरतरीत दिसते आता," म्हणाला.

लोहारानं छाती फुगवली. "बापाचा धाक लागतो. माझ्यासमोर भाजी टाकायची कुणाची हिंमत नाही."

आक्कानं आतून ऐकलं. दुपारी तिनं त्याच्या ताटात भरपूर कारलं वाढलं अन् मुंगीला समोर बसवलं.