अर्ध्या टाकीतले पाणी

कोयनेच्या जलाशयापलीकडच्या गावात एकट्या सुलाबाई उरल्या होत्या, आणि आज त्याही कायमच्या कराडला लेकाकडे निघाल्या होत्या. धुळाबांच्या लाँचला दुसरा उतारू नव्हता. ऐन मध्यावर इंजिन खोकले आणि बंद पडले.

धुळाबांनी डिझेलच्या फिल्टरचा तळाचा बोल्ट ढिला करून खाली वाटी धरली. वाटीत आधी पाणी उतरले, मग डिझेल.

"टाकीत पाणी कुठनं आलं?" सुलाबाईंनी विचारले.

"माणूसच न्हाई, म्हणून टाकी अर्धीच ठेवतो. गारठ्यानं रिकाम्या जागंत दव धरतं."

"बंद घरागत म्हणा की. आता माझ्याबी घरात धरंल."

काम सावकाश केले असते तरी विचारणारे कोणी नव्हते. पण धुळाबांनी हातपंप दाबून नळीतली हवा नेटाने काढली, आणि इंजिन सुरू झाले.

काठावर लेक जीप घेऊन उभा होता. उतरताना सुलाबाई रीतीप्रमाणे म्हणाल्या, "येते, धुळाबा."

निघताना 'जाते' कोणी म्हणत नाही, हे धुळाबांना का ठाऊक नव्हते? तरी तोंडून निसटलेच, "कवा?"

सुलाबाई थबकल्या, मग जीपमध्ये बसल्या. धुळाबांनी लाँच बांधून ठेवली. पलीकडून आणायचे आता कोणीच नव्हते.