धारेत एकच आवाज

“सोनसायले तुम्ही मारलं, साहेब. नदीनं नाही.”

मीरानं चहाचा कप साहेबांपुढं आपटला. अर्धा चहा बशीत सांडला. तेलीबांध्याच्या तिच्या नव्या फ्लॅटमध्ये राज्योत्सवाचे अधिकारी असलेले साहेब सोफ्याच्या कडेला टेकले होते. नावाडी नशेत होता, असा तिच्या नवऱ्याचा, गौतमचा, जबाब त्यांनी टाइप करूनच आणला होता. सही तेवढी बाकी.

“भाभीजी, नाव चलानेवाला नशे में था. हम क्या करें?”

“नशेत? नदीच्या पाया पडल्याबिगर सुकाणूले हात नव्हता लावत तो!”

राज्योत्सवासाठी, म्हणजे नव्या राज्याच्या वाढदिवसासाठी, नदीवर सगळा थाट मांडला होता. भोसल्यांच्या काळात गौतमच्या पूर्वजानं भर पुरात सरकारी खलिता महानदीच्या खडकाळ धारेतून नावेनं पार नेला होता. नव्या राज्याला तो पराक्रम पुन्हा बघायचा होता. गौतमला पगडी चढवली, छातीवर माइक लावला. काठावरच्या पाहुण्यांना ऐकू जावं म्हणून नावेवर भोंगा बांधला. ऐन धारेत गरजायला वाक्यही दिलं : ‘बाएँ लो!’, डावीकडं घ्या.

केवटांचा, म्हणजे तिथल्या नावाड्यांचा, कायदा मात्र वेगळा. धारेत शिरलं की नावेत एकच आवाज, सुकाणूवरच्याचा. बाकीच्यांनी खोकायचंसुद्धा नाही. सुकाणूवरचा सोनसाय उजवीकडं घ्यायला सांगत होता, पण त्याचा आवाज भोंग्याखाली बुडाला. वल्हेकऱ्यांच्या कानी एकच आवाज आला, गौतमचा, आणि एकच आवाज पाळायची त्यांना सवय. नाव खडकावर फुटली. सोनसाय दुसऱ्या दिवशी गाळात सापडला. वल्ह्यावरचा त्याचा भाऊ वाचला, तर दारू पाजल्याच्या आरोपाखाली त्याला ठाण्यात डांबलं.

“हा कायदा तुमच्यातल्या एकानं तरी विचारला का?”

“किसी ने बताया ही नहीं. एक आदमी बोल देता, तो हम माइक निकलवा देते.”

कपाळाला पट्टी बांधलेल्या गौतमचं बोट आपसूक ओठांवर गेलं. गप्प बसायची खूण. लगेच दचकून त्यानं ते खाली घेतलं आणि पेन उचललं.

मीराला ते दिसलं. ही खूण त्याची नव्हती. घरात कुणाला गप्प करायचं, तर हा ओरडून करायचा.

तिनं कागदावर तळहात ठेवला.

“हात काढ, मीरा,” गौतम म्हणाला. “मेलेला माणूस काय वापस येऊन राहिला?”

“भाऊ जिता आहे त्याचा.”

साहेब काहीतरी बोलू लागले. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“धारेच्या तोंडाशी सोनसायनं मागून तुम्हाले हाक मारली ना? ओठावर बोट ठेवून दाखवलं ना?”

गौतम पेनाला टोपण लावू लागला. ते बसेना.

“तुम्हाले समजलं होतं,” मीरा म्हणाली. “मंग काहून ओरडले? खाली नका पाहू. मले सांगा, काहून ओरडले?”