कातिक बदी पंचमी

राजाभाऊंनी काजळीच्या शेपटीचं बूड चिमटीत धरून पुन्हा एकदा दाबून पाहिलं. गेल्या आठवड्यापर्यंत पेन्सिलीसारख्या कडक लागणाऱ्या दोन्ही बाजूंच्या शिरा आता लोण्यासारख्या सैल झाल्या होत्या. कास तट्ट भरलेली. शेळीनं पुढच्या पायानं माती उकरली आणि त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"आज-उद्यात व्यायची ही," ते म्हणाले. "आणि कॅलेंडरप्रमाणे अजून महिना आहे."

"मग बरंच झालं की," प्लास्टिकच्या खुर्चीवर पाय लांब करून बसलेल्या सरलाबाई म्हणाल्या.

"बरं काय? शेळीला पाच महिने लागतात. चार दिवस इकडेतिकडे, महिनाभर नाही. दिवस न भरलेलं करडू असं लाथा मारत नसतं. दिवस पुरे भरलेत. सांगणारा खोटं बोललाय."

सांगणारा म्हणजे धरमबीर. फरीदाबादच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर राजाभाऊंनी डोंगराच्या पायथ्याशी हा प्लॉट घेतला, सहा शेळ्या पाळल्या आणि हौसेनं लातूरकडून एक उस्मानाबादी बोकड आणवला. शेजारचा धरमबीर चार वर्षं त्या शेळ्या स्वतःच्या जनावरांबरोबर चारत होता. गेल्या वर्षी सरलाबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोघं नवरात्रापासून दोन महिने पुण्याला राहिली. परत आल्यावर धरमबीरनं सांगितलं, काजळी साहेबांच्याच बोकडाला लागली, कातिक बदी पंचमीला. बदी म्हणजे वद्य, एवढं राजाभाऊंना कळत होतं. त्यांनी भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात कार्तिक वद्य पंचमी शोधली आणि पुढे पाच महिने मोजून चैत्र वद्य पंचमीवर पेनानं गोल काढला.

आणि आज फाल्गुन वद्य पंचमीलाच ही व्यायला निघाली होती. म्हणजे ती महिनाभर आधीच गाभण होती. कोणाकडून, हे सांगायला ज्योतिषी नको होता. राजाभाऊंचा बोकड दावणीला असायचा, धरमबीरचा तांबडा बोकड मात्र दिवसभर कळपात मोकळा.

एकदा संशय आला म्हटल्यावर सगळंच वेगळं दिसू लागलं. धरमबीरला केव्हाही विचारा, तो तीच तिथी त्याच शब्दांत सांगायचा. खरं बोलणारा माणूस थोडा तरी अडखळतो, असं राजाभाऊंचं मत. उभा जन्म स्टोअर्समध्ये गेलेला माणूस, त्याला प्रत्येक गेटपासात चोर दिसायचा. आठवड्यापूर्वी कास भरू लागली तेव्हा त्यांनी धरमबीरला अंगणात उभं करून सुनावलं होतं, "झूठ मत बोलो. या तो वो बकरा जाएगा, या तुम."

धरमबीर तसाच शेळ्या हाकत चरायला घेऊन गेला होता. तेही राजाभाऊंनी त्याच्याच खात्यावर मांडलं.

फाटक वाजलं. धरमबीरची बायको सुनहरी वाटीत गूळ-ओवा घेऊन आली. शेळीकडे एक नजर टाकून म्हणाली, "आज हो जाएगा, बीबीजी. दिन पूरे हो लिए."

"पूरे कैसे?" राजाभाऊ फणकारले. "कातिक बदी पंचमी से गिनो."

सुनहरी एकेक बोट दुमडत गेली. "कातिक से मंगसिर, पोह, माह, फागण, चैत. पांच ही तो हुए."

"चैत अभी कहां? ग्यारह दिन बाकी हैं."

"लो! होली के अगले दिन लग जाता है चैत." ती पदर तोंडाला लावून हसली. "और वो पंचमी मैं कैसे भूलूंगी, साब? करवा चौथ का अगला दिन था. मेरे हाथ की मेहंदी भी ताज़ी थी."

वाटी ठेवून ती पाणी तापवायला गेली. सरलाबाईंनी पाय खाली घेतले.

"अहो, करवा चौथ दिवाळीच्या आधी येते ना?"

"मग?"

"आपली दिवाळी आश्विनात, यांची कार्तिकात. यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. यांचा कातिक वद्य म्हणजे आपला आश्विन वद्य. तुम्ही एक महिना पुढे मोजलंत."

राजाभाऊंनी मनातल्या मनात पुन्हा मोजलं. मग बोटांवर मोजलं. चौतीस वर्षं ते या मुलखात राहत होते. दर वर्षी करवा चौथीला बाजारात मेहंदीवाल्यांची रांग ओलांडून घरी येत होते आणि दिवाळीचे दिवे त्याच लोकांबरोबर त्याच संध्याकाळी लावत होते. महिन्याचं नाव वेगळं असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"तो आला की सांगा त्याला," सरलाबाई हळूच म्हणाल्या.

"सांगतो. लगेच सांगतो."

पण धरमबीर आला तो एकटाच, खांद्यावर दोराचं वेटोळं टाकून. पायांवर बाजारापर्यंतची धूळ होती. करडू असतानाच आई मेली म्हणून सुनहरीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला तो तांबडा बोकड, हे चार वर्षांत राजाभाऊंनी कितीदा ऐकलं होतं.

"बेच दिया, साब," तो म्हणाला. "अब आपके मन में शक नहीं रहेगा."

उत्तराची वाट न बघता तो काजळीपाशी उकिडवा बसला आणि तिच्या पोटावर तळवा ठेवून बाह्या वर सारू लागला.

राजाभाऊ त्याच्याजवळ गेले. त्यांना खाली बसायचं होतं, ते जमलं नाही.

"धरमबीर," ते म्हणाले, "महीना मेरा गलत था."

धरमबीरनं मान वर केली नाही. "गलत कुछ नहीं, साब," तो समजूत घातल्यासारखा म्हणाला. "बच्चा पूरे दिन का है. आप घबराओ मत."