पुलावरचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची ख्याती अशी, की शिकणारा गाडी थेट भिंतीत घालायला निघाला तरी त्यांचा आवाज म्हणून चढायचा नाही. "घाबरायचं नाही, मी आहे ना," हे त्यांचं पालुपद. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, हा सगळा थंडपणा त्याच्याच जिवावर!

असे हे मास्तर हल्ली नदीवरच्या पुलाला मात्र टरकायचे. पूल चांगला दणकट, कठडे उंच. तरी मधोमध आलं की छाती धडधडायची, श्वास अडकायचा, आणि आता आपण मरणार अशी खात्रीच वाटायची. डॉक्टरांनी हृदय तपासलं. म्हणाले, "ठणठणीत आहे. हे भीतीचे झटके. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, बरं वाटेल." झालं, मास्तरांचा पारा चढला. "मी काय वेडा आहे?" घरी बायकोला सांगितलं, पित्त झालंय.

त्यात शिंपीणकाकू शिकायला आल्या. नवऱ्याची नजर अधू झालेली, त्याला नदीपलीकडच्या दवाखान्यात न्यायचं, गाडी दारात उभी आणि चालवणारं कोणी नाही. शिलाई मशीनवर जन्म गेलेला, त्यामुळे पाय कसा अगदी हुकमी. सगळीकडे झकास चालवायच्या. पण पुलाच्या मध्यावर गाडी खाडकन थांबायची, मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि काकू पार ओशाळून जायच्या.

"माझ्याच पायानं घोळ केला ना?"

"होतं असं. सरावानं जमेल," मास्तर घाम पुसत म्हणायचे. बाईच्या डोक्यावर स्वतःच्या चुकीचं खापर फोडताना या सज्जन माणसाला लाज वाटायची, नाही असं नाही. पण तोंड उघडायचं नाही.

आज काकूंनी पुलाच्या अलीकडेच गाडी बाजूला घेतली. "बास झालं, मास्तर. ह्यांना सांगितलं, माझ्या डोक्यात शिरतच नाही काही. गाडी विकायला काढलीय." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

आता मास्तरांना राहवेना. "काकू, ब्रेक तुम्ही नाही दाबत. मी दाबतो." मग समोरच्या काचेकडे बघत त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"काय माणूस आहात हो!" काकू कडाडल्या. "मी घरी रडून रडून अर्धी झाले, आणि ब्रेक तुमचा?" मग जरा थांबून म्हणाल्या, "खरंच मरतोय असं वाटतं?"

"दर वेळी."

"अगं बाई! आणि तरी रोज येता इथे?"

"लोक काय म्हणतील, वेडा झालाय..."

"वेडे कसले! खोटारडे मात्र आहात. पाय वर घ्या."

मास्तरांनी निमूटपणे सीटवर मांडी घातली आणि दाराची मूठ घट्ट धरली. गाडी पुलावर चढली. मध्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"होतंय?"

"होतंय."

"होऊ दे. मी चालवतेय."

शेजारून ट्रक गेला, काकूंनी ढुंकूनही पाहिलं नाही. पलीकडे गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि मास्तरांच्या गुडघ्यावर थाप मारून त्या लहान मुलीसारख्या ओरडल्या, "जमलं की हो! मला येतंय!" शर्ट घामानं चिंब झालेला, पण मास्तर जिवंत होते. त्यांना रडूच आलं.

"आता परत तुम्ही न्या," काकू म्हणाल्या. जागा बदलल्या. मास्तरांनी गाडी सुरू केली, पण ती जागची हलेना.

"काकू, ब्रेकवरचा पाय काढा."

"काढते की. आधी त्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावा."

"उद्या लावतो."

पाय ढिम्म.

"बरं, संध्याकाळी नक्की."

काकू खिडकीबाहेर नदी बघत बसल्या. हात टेकून मास्तरांनी डॉक्टरांनी दिलेला नंबर लावला. फोनवरच्या बाईंनी विचारलं, "काय त्रास होतोय आपल्याला?"

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं.

"मला भीती वाटते," ते म्हणाले.

काकूंनी पाय उचलला.