सुलटा स्वस्तिक

यतीनचं लग्न झालं ते २०२३ साल. लग्न डिसेंबरात होतं, पण त्याच्या बहिणीने, ऋजुताने, उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं की करवली दुसरी शोधा. मुरमं गेली होती, पण त्यांचे काळे डाग गालांवर मुक्कामाला राहिले होते. तसल्या तोंडाने कऱ्हा घेऊन अख्ख्या मांडवासमोर ती उभी राहणार नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, डाग जातील, पण महिने लागतील. नखं लावू नको, लिंबू चोळू नको, उन्हात निघताना सनस्क्रीन लाव. ऋजुताने थोडे दिवस लावली, फरक दिसेना, ट्यूब कपाटात गेली. स्कूटीवर तोंडाला गुंडाळलेली ओढणी ती घरात आल्यावरही लवकर सोडायची नाही.

तिच्या आजीला, शशिकलाबाईंना, हे बघवेना. त्या खजरान्याच्या गणपतीला गेल्या आणि देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून नवस बोलल्या. काम झालं की येऊन सुलटा काढायचा, अशी तिथली रीत.

भाद्रपदात एका सकाळी खिडकीशी बसलेल्या नातीचा चेहरा त्यांना अगदी नितळ दिसला. कुणाला न सांगता त्या जाऊन स्वस्तिक सुलटा करून आल्या. जिन्यातल्या सगळ्या घरांत लाडू वाटले. कशाचे म्हणून विचारलं, तर नुसत्या हसल्या.

मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा समोर ऋजुता होती, आणि डाग सगळे जिथल्या तिथे.

आजींचं तोंडच उतरलं. सगळी हकीकत सांगावी लागली. परत जाऊन उलटा काढून येते म्हणाल्या, तशी ऋजुता पोट धरून हसायला लागली. कित्येक महिन्यांत ती अशी हसली नव्हती.

“आजी, तू तर अ‍ॅडव्हान्समध्येच थँक्यू बोलून आलीस यार.”

“हसू नको. काम झालं म्हणून सांगून आलेय मी त्याला. आता मला खोटी पाडू नको. काढ ती ट्यूब.”

तेव्हापासून रोज सकाळी नात आजीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायची आणि आजी नातीच्या गालांना सनस्क्रीन लावायच्या. त्याशिवाय स्कूटीची चावी हातात मिळायची नाही.

लग्नापर्यंत डाग पुष्कळ फिके झाले. हनुवटीवरचे दोन तेवढे हलले नाहीत. आजींनी ते बरोबर हेरले, पदराने पुसूनही पाहिले.

“राहू दे गं,” ऋजुता म्हणाली, “दोन बाप्पाकडे बाकी.”

आणि कऱ्हा उचलून ती भावाच्या मागे जाऊन उभी राहिली.

शशिकलाबाई २०२५च्या फेब्रुवारीत, गणेश जयंतीच्या आठवड्यात वारल्या.