तिसऱ्या मजल्यावरची टोपली

मी टोपली बोलतेय. फुलांची नाही, बाजारहाटाची. दक्षिण इटलीतल्या गाल्लिपोलीच्या जुन्या गावात, समुद्राकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जाला मी दोरीनं बांधलेली आहे. वरून खाली जायचं, खालून वर यायचं. साठ-पासष्ट वर्षं मी एवढंच करत आले.

मला विणलं ते ओरोन्झाच्या बापानं. मासे धरायचे लव्हाळ्याचे सापळे विणणं हा त्याचा धंदा. हिवाळ्यात समुद्र खवळला आणि होड्या बंदरातच अडकल्या की सापळ्यांना गिऱ्हाईक नसायचं. मग तो छाटणीतल्या ऑलिव्हच्या कोवळ्या फांद्या आणून भिजत घालायचा आणि टोपल्या करायचा. काठ वळताना शेवटची काडी तो दोनदा आत खोचायचा. दुसरं कुणी तसं करत नसे. मला मात्र त्यानं विकायला केलं नव्हतं. चौसष्ट पायऱ्या चढताना बायकोला धाप लागते म्हणून केलं होतं.

त्या घरात दोन मुली होत्या. थोरली ओरोन्झा, गप्प आणि कामसू. धाकटी कोन्चेत्ता, तिला सगळे तेत्ता म्हणत. तेत्तानं एकदा शेजाऱ्यांचं मांजर माझ्यात बसवून खाली सोडलं होतं. मांजराच्या नखांचे ओरखडे अजून माझ्या पोटात आहेत. मार मात्र ओरोन्झाला बसला, कारण लक्ष ठेवायला तिला सांगितलं होतं.

बाप लवकर गेला. तेत्तानं एका गवंड्याशी लग्न केलं आणि दोघं अर्जेंटिनाला निघाली. निघायच्या सकाळी आईच्यानं खाली उतरवेना. तिनं माझ्यात भाकरी आणि तेलाची बाटली ठेवून मला खाली सोडलं. तेत्तानं जिन्नस काढून घेतले, पण माझा काठ काही सोडला नाही. वरून आई ओढतेय, खालून ही धरून उभी. शेवटी नवऱ्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

ओरोन्झाचंही लग्न ठरलं होतं. मुलगा बेल्जियमच्या खाणीत कामाला जाणार होता. पण तेत्ता गेल्यावर आईजवळ राहणार कोण? तिनं त्याला सांगितलं, तू जा. तो वर्षभर थांबला आणि मग गेला.

आता जे सांगणार आहे, ते माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

तेत्ताचं पहिलं पत्र आलं तेव्हा भर दुपार होती आणि आई झोपलेली होती. पोस्टमन खालून शीळ घालायचा आणि पाकीट माझ्यात टाकायचा. ओरोन्झानं मला वर ओढलं आणि सज्जातच उभं राहून पत्र उघडलं. त्यात लिहिलं होतं: आई, इथे आमच्याकडे एक जादा खोली आहे, तू इकडे ये, पुढच्या बोटीनं ये. ओरोन्झानं ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, घडी घातली आणि एप्रनच्या खिशात ठेवलं. आई उठून म्हणाली, टपाल आलं का गं? ती म्हणाली, नाही.

एकदा नाही म्हटल्यावर पुढच्या वेळी हो कसं म्हणणार? पुढची पत्रं तिनं उघडलीही नाहीत. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि येत असतं तरी पत्ता कुठे होता? ती रोज संध्याकाळी सज्जात खुर्ची टाकून बसायची. गल्लीतल्या बायकांना सांगायची, इतक्या लांबून टपाल येत नसेल, समुद्र मोठा आहे. ओरोन्झा आत कांदा चिरत असायची.

आई नऊ वर्षांनी गेली. त्यानंतर एक पत्र आलं, मग गावातल्या कुणीतरी तिकडे कळवलं असावं आणि पत्रं थांबली.

ओरोन्झानं लोकांची जाळी सांधत दिवस काढले. हळूहळू गुडघे गेले. पायऱ्या उतरणं बंद झालं त्याला सहा वर्षं झाली होती. पाव, औषध, रविवारचं वर्तमानपत्र, सगळं माझ्यातून वर जायचं. खाली तळमजल्यावर, आपल्या घर-दुकानाच्या दारात, पान्तालेओ बसायचा. साठीचा माणूस, जाळी विणणारा, तोंडानं फटकळ. मासे तोच द्यायचा आणि शिव्याही तोच खायचा.

हल्ली गल्लीतून प्रवासी फार जातात. मान वर करून चालतात आणि एकमेकांवर आदळतात. वाळत घातलेल्या चादरींचे फोटो काढतात. त्यांच्या गावी कुणी चादरी वाळत घालत नसेल बहुतेक. मी खाली उतरलेली दिसले की थांबतात, हसतात, एखादी बाई माझ्याशेजारी उभी राहून फोटो काढून घेते आणि पुढे जाते.

त्या सप्टेंबरात, गर्दी ओसरल्यावर, अशीच एक म्हातारी प्रवासीण आली. डोक्यावर टोपी, पाठीवर पिशवी, हातात गावाचा नकाशा. पान्तालेओनं नुकतीच माझ्यात जांभळी कोळंबी ठेवली होती. ती थांबली. तिनं फोटो काढला नाही. माझ्या काठावरून बोट फिरवत नेलं आणि शेवटची काडी जिथे दोनदा आत जाते तिथे बोट थांबलं.

तिनं पान्तालेओला विचारलं, ही टोपली कुणाची? त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. टोपी-पिशवीवाली ही परकी बाई त्याच्या आजीच्या बोलीत बोलत होती. त्या शब्दांना मरूनही चाळीस वर्षं झाली होती.

"बाई, तुम्ही कुठल्या?"

"इथलीच."

"इथल्या, आणि हातात नकाशा?" पान्तालेओ हसला. "टोपली ओरोन्झामावशीची."

"आहे ती?"

"आहे का म्हणजे? रोज माझा उद्धार करते. मासा शिळा, पाव शिळा, मीसुद्धा शिळाच."

वर सज्जात ओरोन्झानं तो आवाज ऐकला. तिनं मला इतक्या झटक्यानं ओढलं की अर्धी कोळंबी खाली रस्त्यावर पडली. मग तिनं दार लावून घेतलं. तेत्तानं खालून तीन हाका मारल्या. दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेत्ता जिना चढायला लागली. अकराव्या पायरीवर तिचे ओठ निळे पडले. डॉक्टरांनी तिला जिने बंद केले होते म्हणे, हृदय अधू होतं. पान्तालेओनं तिला धरून खाली आणलं, आपली खुर्ची दिली आणि वर तोंड करून ओरडला, की मावशी, तुझ्या बहिणीला माझ्या दारात मरू द्यायचंय का, मग सांग, मी दुकान बंद करतो.

तेव्हा कुठे ओरोन्झा सज्जात आली. चोपन्न वर्षांनी दोघींनी एकमेकींना पाहिलं, एकीनं वरून, एकीनं खालून.

"जाड झालीस," ओरोन्झा म्हणाली.

"आणि तू बहिरी. काल घसा बसला माझा."

गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकेक करून उघडल्या. कुणाला काही काम नव्हतं त्या दिवशी. मी दिवसभर वर-खाली करत होते. नातवंडांचे फोटो वर गेले. वरून स्कापेचेची वाटी खाली आली. तळलेले छोटे मासे, पावाच्या चुऱ्यात आणि केशरी व्हिनेगरमध्ये मुरवलेले. तेत्तानं बोटांनी खाल्लं आणि म्हणाली, आई व्हिनेगर जास्त घालायची. ओरोन्झा म्हणाली, तुला काय आठवतंय, तू गेलीस तेव्हा तुला चूलही पेटवता येत नव्हती. खिडक्यांतल्या बायका हसल्या. मलाही वाटलं, सगळं सुरळीत होईल.

मग तेत्तानं वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "आईला माझी पत्रं मिळायची का गं?"

ओरोन्झानं सज्जाचा कठडा धरला. "तेव्हाचं टपाल," ती म्हणाली, "तुला माहीतच आहे."

तेत्तानं मान हलवली. तिला ते पटलं. "तिकडचं टपालही तसंच होतं," ती म्हणाली, "आणि मला वाटत राहिलं आई माझ्यावर रागावलीय म्हणून." ती भांडली असती, संशय घेतला असता, तर ओरोन्झानं कदाचित निभावून नेलं असतं. पण तिनं विश्वास ठेवला.

तिसऱ्या दिवशी ओरोन्झानं चूल पेटवली नाही. पलंगाखालची पेटी ओढून तिनं एक गठ्ठा काढला. जाळ्याच्या सुतळीनं बांधलेली तेवीस पत्रं. गठ्ठा माझ्यात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मी बटाट्याच्या गोणी वाहिल्यात, तेलाचे डबे वाहिलेत. तो गठ्ठा पावाहून हलका होता. तरी मी भिंतीवर आपटत आपटत खाली गेले.

तेत्तानं सुतळी सोडली. तिचंच अक्षर होतं. पहिलं पाकीट सोडलं तर बाकी सगळी बंद होती. तिनं वर पाहिलं.

"पहिलंच वाचलं होतं," वरून ओरोन्झा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण गल्ली इतकी शांत होती की शब्द नि शब्द ऐकू आला. "ती गेली असती गं तुझ्याकडे. मग मी कुठे गेले असते?"

तेत्तानं गठ्ठा पिशवीत घातला आणि ती बंदराच्या दिशेनं निघून गेली. खिडक्या बंद झाल्या. पान्तालेओनं संध्याकाळी मासा आणून माझ्यात ठेवला, पण एक शब्दही बोलला नाही. त्याच्या फटकळ बोलण्यापेक्षा ते ओरोन्झाला जास्त लागलं असावं. तिनं मासा तसाच परत खाली पाठवला.

चौथ्या दिवशी दुपारी दोनला तेत्ताची गाडी होती. उजाडल्यापासून ओरोन्झा सज्जात बसून होती. मला तिनं रिकामीच खाली सोडून ठेवलं होतं. दहाच्या सुमारास तेत्ता सामानासकट आली. पान्तालेओ पुढे झाला. म्हणाला, आम्ही चौघं मिळून मावशीला खुर्चीसकट खाली आणतो, दहा मिनिटांचं काम आहे.

"कुणी हात लावायचा नाही तिला," तेत्ता म्हणाली. मग तिनं मान वर केली. "मी समुद्र ओलांडून आले, ओरोन्झा. तू चौसष्ट पायऱ्या उतर."

ओरोन्झा आत गेली. मी तिथेच लोंबकळत राहिले. जिन्यातून काठीचा आवाज यायला लागला. एक ठोका, मग बराच वेळ काहीच नाही, मग कापड दगडावर घासल्याचा आवाज. ती बसून उतरत होती. पान्तालेओची बायको फिलोमेना दोनदा दाराशी गेली आणि दोन्ही वेळा तेत्तानं तिला मागे बोलावलं. जवळजवळ तासभर लागला.

दार उघडलं. ओरोन्झा घरातल्या सपाता घालून उभी होती, पाठीला भिंतीचा चुना लागलेला, उन्हानं डोळे मिटलेले. तेत्ता तिच्याकडे गेली. मिठी वगैरे मारली नाही. तिला वळवून उभं केलं आणि तिच्या पाठीवरचा चुना हातानं झटकला. बराच वेळ झटकत राहिली. चुना कधीच निघून गेला होता.

मग तिनं पिशवीतून गठ्ठा काढला आणि बहिणीच्या हातात दिला.

"ही आईची पत्रं आहेत. तिला वाचून दाखव. एका वेळी एक, मोठ्यानं. आणि ती काय म्हणाली ते मला लिहून कळव."

"मेलेलं माणूस काय म्हणणार, तेत्ता?"

"ते तुला कळेल. तू होतीस तिच्याजवळ. मी नव्हते."

दोघी हात धरून तटाच्या भिंतीकडे निघाल्या. कोपऱ्यावर वळल्या आणि मला दिसेनाशा झाल्या. माझी दोरी तिथवर पोचत नाही. फिलोमेना नंतर सांगत होती, की दोघी समुद्राकडे तोंड करून भिंतीवर बसल्या, अंजिरं खाल्ली आणि गाडीची वेळ होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

तेत्ता गेली. ओरोन्झानं परत जिना चढायचा प्रयत्न केला. तिसऱ्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. फिलोमेनानं मागची खोली तिला झाडून दिली. ती पुन्हा वर गेलीच नाही.

त्यामुळे मी अशी खालीच लोंबत राहिले आहे. वरचं दार बंद, मला ओढणारं कुणी नाही. खाऱ्या वाऱ्यानं दोरी पिंजलीय, तळाच्या दोन काड्या तुटल्यात. प्रवासी माझ्यात तिकिटांचे कपटे टाकतात. फिलोमेना म्हणते, उतरवून घेऊ या, कांद्यांना होईल. ओरोन्झा म्हणते, बघू. मला कांद्यांनाही चाललं असतं. रिकामं लोंबकळण्यापेक्षा बरं.

दर गुरुवारी पान्तालेओ तिला आपल्या तीनचाकी टेम्पोतून पुलापलीकडे कबरस्तानात नेतो. ती आईच्या दगडाशी उभी राहून एक पाकीट फोडते आणि मोठ्यानं वाचते. सुरुवातीला ती नुसती पुटपुटायची. आता शेजारच्या कबरींवर फुलं घेऊन आलेल्या बायकाही ऐकत थांबतात. तेत्ताला तिकडे पहिला बर्फ कसा दिसला, तिचं पहिलं बाळ कसं गेलं, दुसऱ्याचं नाव आईवरून कसं ठेवलं. परत आल्यावर ती पान्तालेओच्या दारात बसून बहिणीला लिहिते. आई काय म्हणाली, ते. काय लिहिते ते मला दिसत नाही. पण लिहिताना कधी कधी ती मान वाकडी करून थांबते, आणि मग भराभरा लिहायला लागते.

आता तीन पत्रं उरली आहेत. गेले दोन गुरुवार ती गेलेली नाही. पान्तालेओ विचारतो, गुडघे दुखतात का मावशी? ती हो म्हणते. पण परवा तीच बाई पाव आणायला चालत कोपऱ्यापर्यंत गेली होती.

तुम्ही कधी इकडे आलात, आणि या गल्लीत एका तुटक्या टोपलीखाली खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर बंद पाकीट घेतलेली म्हातारी दिसली, तर खुशाल फोटो काढा, वाट विचारा. पण पाकीट का उघडत नाही, असं मात्र विचारू नका. तिला घाई नाही. आईला आता तिकडून आणखी पत्रं यायची नाहीत, म्हणून ही तीन तिला पुरवून पुरवून वाचायची आहेत.