बिजलीचा डावा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना अंगठा आहे. लगेच आपल्या हाताकडे पाहू नका, मी माणसाचा नाही. बिजली नावाच्या कुत्रीच्या पुढच्या डाव्या पायाचा मी अंगठा. तिची चार बोटं जमिनीवर टेकतात आणि मी त्यांच्यापेक्षा थोडा वर, पायाच्या आतल्या बाजूला, एकटाच बसलेला असतो. कुत्र्याचे लाड करणारी माणसंसुद्धा मला वर्षानुवर्षं पाहत नाहीत. ज्या दिवशी पाहतात, त्या दिवशी विचारतात, "हे कशाला?" हा प्रश्न ऐकून माझे कान किटले आहेत. अंगठ्याला कान कुठून आले, असं मात्र कृपा करून विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर तेवढं चालवून घ्यावं लागेल.

माझा जन्म सावनेरकडच्या एका खेड्यात, प्रयागबाईंच्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांवर झाला. तेव्हा मी भाताच्या शितासारखा मऊ होतो. प्रयागबाई शेतकरीण बाई, बोलायला फटकळ. पिल्लांचे डोळे उघडले तशी त्यांनी एकेकाला उचलून नखं मोजायला घेतली. त्यांच्या गावात विसनखी कुत्र्याला फार मान होता. पुढच्या पायांसारखीच मागच्या पायांनाही पाच पाच नखं असली की तो कुत्रा राखणीला पक्का, अशी सगळ्यांची समजूत. बिजलीच्या मागच्या पायांना मात्र चार चारच होती.

"अठराच हायेत हिले. दोन कमी पडले," प्रयागबाई म्हणाल्या आणि तिला परत कडब्यावर ठेवली.

विसनखी भावंडं गावातल्या लोकांनी भराभर उचलली. उरली बिजली. ती प्रयागबाईंच्या मुलाच्या, विश्वनाथच्या वाट्याला आली. म्हणजे पाहा, माझ्या आयुष्यातली पहिली तक्रार नखं कमी असल्याची होती. दुसरी तक्रार नखं जास्त असल्याची निघेल, हे तेव्हा कोणाला सांगूनही पटलं नसतं.

विश्वनाथ कोराडीच्या वीज केंद्रात स्टोअरमध्ये कारकून होता. ही सत्तर सालानंतरची, केंद्र नवीन असतानाची गोष्ट. तो आणि त्याची बायको सुमती कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत. दोरीवरचे कपडे काढले की सुमती आधी ते झटकायची, कारण त्यांच्यावर राखेचा पातळ थर बसलेला असायचा. वीज तयार होते तिथं राहायला आली म्हणून पिल्लाचं नाव बिजली पडलं. सुमती तांदूळ निवडायला बसली की बिजली तिच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायची.

उजव्या पायावर माझा जुळा भाऊ आहे. आम्ही एकाच अंगावर राहतो, पण आमची भेट क्वचित होते. बिजली हाड खायला बसली की ते दोन्ही पायांत धरते, तेव्हा तो एका बाजूनं दाबतो आणि मी दुसऱ्या बाजूनं. त्या दिवसांत आमच्या सुखदुःखाच्या गप्पा हाडावरच चालायच्या.

आमच्या सुखाला दृष्ट लागली ती शेजारच्या भैयाजींची. त्यांच्याकडे टायगर नावाचा मोठा अल्सेशियन होता आणि कुत्र्यांच्या बाबतीत कॉलनीत त्यांचा शब्द चालायचा. एका संध्याकाळी त्यांनी बिजलीचा पाय हातात घेतला आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"विश्वनाथराव, हे जादा बोटं काढून टाका. तारेच्या कुंपणात अटकलं ना, त मुळातून उखडते. माझ्या आधीच्या कुत्र्याचं तसंच झालं होतं. पाय एवढा सुजला, रात्रंदिवस रडून राहिला होता बिचारा. टायगरचे मी लहानपणीच काढले. गांधीबागेत आपले डॉक्टर आहेत ना! पाहा, पाय कसा साफ दिसते."

मित्रांनो, मला राग आला, पण भैयाजी खोटं बोलत नव्हते. अंगठा तारेत अडकून फाटला तर कुत्र्याचे फार हाल होतात. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि बिजलीच्या भल्यासाठीच ते सांगत होते. मला वाईट वाटलं ते पुढच्या बोलण्याचं.

"काहून कापता जी?" सुमती म्हणाली. "त्रास देते का ते बोट तिले?"

"त्रास देत नाही," विश्वनाथ म्हणाला, "पण कामही त काही करत नाही. फुकटचं लटकून राहिलं तिथं."

फुकटचं! मी बिजलीचं हाड धरत होतो, तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातली कुसळं काढत होतो, ती अंगणात धावताना गर्रकन वळली की माती धरून तिला सावरत होतो. पण हे सगळं होतं पापणी लवायच्या आत, आणि पाहतं कोण? त्या रात्री बिजली पाय एकमेकांवर टाकून झोपली. मी भावाला एवढंच विचारलं, "आपण खरंच फुकटे आहोत का रे?"

विश्वनाथनं दिवस ठरवला तान्ह्या पोळ्याचा. नागपूरला त्या दिवशी ऑफिसला सुट्टी असते, म्हणजे रजा टाकायला नको. हा सण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो, आणि त्याच दिवशी गावातली सगळी इडापिडा घेऊन जायला काळी मारबत आणि पिवळी मारबत असे बाईचे दोन प्रचंड पुतळे निघतात. त्यांच्या मागं हजारो माणसं आरोळ्या ठोकत चालतात. ज्याला जे नको असेल त्याचं नाव घ्यायचं, खोकला म्हणा, महागाई म्हणा, आणि ओरडायचं, "घेऊन जा गे मारबत!" ती मिरवणूक पाहायला प्रयागबाई गावचा पोळा आटोपून सकाळच्या पहिल्या गाडीनं कोराडीला आल्या. बिजलीला कुठं नेताहेत हे ऐकल्यावर त्यांनी कपाळावर हात मारला.

"आधीच दोन कमी हायेत गा, अन् तू अजून दोन कमी करून राहिला?"

विश्वनाथ हसला. शहराच्या बसमध्ये तर त्याला फारच उत्साह आला. सुमतीच्या मांडीवर कापडी थैलीत बिजली बसली होती. तिचं फक्त तोंड बाहेर होतं. तिच्याकडे पाहून तो मोठ्यानं म्हणाला, "फुकटचे बोटं घेऊन जा गे मारबत!" सगळी बस हसली. थैलीच्या अंधारात मी आणि माझा भाऊ एकमेकांना घट्ट चिकटून बसलो होतो.

गांधीबागेत कापडाची दुकानं बंद होती आणि रस्ते माणसांनी भरले होते. धक्के खात, वाट काढत आम्ही दवाखान्यापर्यंत पोचलो. दाराला हे मोठं कुलूप! शेजारी पानठेल्यावर एक माणूस चुना लावत बसला होता. विश्वनाथनं त्याला डॉक्टरांचं विचारलं.

"डॉक्टरसाहेब? ते त मारबतीले गेले. आज सुट्टी नाही का भाऊ?"

सुट्टी आहे म्हणून विश्वनाथनं हा दिवस निवडला होता. तीच सुट्टी डॉक्टरलाही असते, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रयागबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी तर आनंदानं ताठ उभा राहिलो. पण विश्वनाथ म्हणाला, "उद्या पुन्हा येऊ. अर्धी रजा टाकतो." माझा आनंद तिथंच मावळला.

गर्दी टाळायला आम्ही नाल्याच्या कडेनं जाणारी गल्ली धरली. पहाटे पाऊस होऊन गेला होता. नाला गढूळ पाण्यानं भरून वाहत होता. दोन्ही बाजूंना दगडी उतरती भिंत आणि तिच्यावर हिरवंगार शेवाळ. थोडं पुढं ते सगळं पाणी एका मोरीत शिरत होतं. मोरीचं तोंड काळंकुट्ट होतं, आणि आत गेलेली वस्तू कुठं निघते ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ढोल-ताशे एकदम कडाडले. बिजली घाबरली. तिनं थैलीतून उडी मारली आणि शेवाळावरून घसरत थेट पाण्यात पडली.

"बिजली!" सुमती किंचाळली.

पाण्यानं बिजलीला ओढत नेलं. ती पोहत भिंतीशी आली, चारही पाय मारले, पण शेवाळावर बोटं कुठं टिकतात? वर चढली की घसरायची, पुन्हा चढली की पुन्हा घसरायची. मोरी जवळ येत होती. विश्वनाथ भिंतीच्या काठावर पालथा झोपून हात खाली सोडत होता, पण हात पोचत नव्हता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ये बेटा, ये, वर ये," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

आणि मित्रांनो, मग माझी वेळ आली! बिजलीनं पाय भिंतीवर आपटला, बाकीची चार बोटं सटकली, आणि मला दोन दगडांमधली फट सापडली. मी नख आत घातलं. तिच्या अंगाचा सगळा भार माझ्या एकट्यावर आला. मुळापासून उखडतो की काय अशी कळ उठली. मला भैयाजींची तार आठवली, तरी मी सोडलं नाही. तोवर पलीकडून माझ्या भावानं वरची फट पकडली. त्यानं धरलं की मी सोडायचं, मी धरलं की त्यानं. आम्हा दोघांना कोणी शिकवलं नव्हतं, पण आम्ही तिला त्या भिंतीवर चढवत नेलं. तिचं डोकं काठाजवळ आलं आणि विश्वनाथनं तिला मानेच्या कातडीला धरून वर ओढलं.

तो तिथंच चिखलात बसला आणि तिला छातीशी धरून रडायला लागला. सुमतीनं मात्र सगळं नीट पाहिलं होतं.

"अंगठ्यानं धरलं जी तिनं! फटीत अंगठा घालून चढली. मी पाहून राहिली होती ना!"

विश्वनाथनं माझा पाय हातात घेतला. माझं टोक तुटलं होतं आणि मुळाशी रक्त होतं. मग ओल्या बाहीनं त्यानं मला हळूच पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मला हात लावला होता.

तोवर मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली होती. प्रयागबाईंनी पदर खोचला, बिजलीला मुलाच्या खांद्यावर बसवलं आणि दोघांना गर्दीत ओढत नेलं. तिथं उभ्या राहून त्या सगळा जीव एकवटून ओरडल्या, "डॉक्टरची कैची घेऊन जा गे मारबत!"

कोणती कैची, कोणता डॉक्टर, आजूबाजूच्या लोकांना काय माहीत? पण मारबतीत कोणी असं विचारत बसत नाही. चार पोरांनी आरोळी उचलली, मग चाळीस जणांनी, आणि पाहता पाहता सगळा रस्ता गर्जत होता, "कैची घेऊन जा गे मारबत!" विश्वनाथचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता. ढोल वाजत होते, चिखलानं माखलेली बिजली त्याच्या खांद्यावर बसली होती, आणि मी तिच्या पायावरून सगळ्या नागपूरकडे पाहत होतो. एवढी मोठी मिरवणूक एखाद्या अंगठ्यासाठी निघाल्याचं मी तरी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

घरी आल्यावर सुमतीनं मला हळद लावली. भैयाजींनी सगळी हकिकत ऐकली, बिजलीला सलाम ठोकला आणि म्हणाले, "मान गये!"

इथं माझी गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण कौतुक झालं की माणसं निश्चिंत होतात. मी जमिनीला टेकत नाही, त्यामुळं इतर नखांसारखा झिजत नाही. मला वेळोवेळी कापावं लागतं, हे त्या घरात कोणालाच सुचलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा पराक्रम सांगायचे, पण मला निरखून कोणी पाहत नव्हतं. मी वाढत गेलो, वळत गेलो, आणि एक दिवस माझंच टोक बिजलीच्या मांसात रुतलं. ती लंगडायला लागली. जिला मी वाचवलं तिलाच मी दुखवत होतो. मला किती शरम वाटली म्हणून सांगू! सुमतीनं ते पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. आता भैयाजी "मी बोललो होतो ना" म्हणणार, अशी माझी खात्री होती. पण ते नखं कापायची लहान कैची घेऊन आले, बिजलीचा पाय मांडीवर धरला आणि विश्वनाथला म्हणाले, "आत लाल दिसते ना, ती रक्ताची नस. तिले सोडून फक्त टोक कापायचं. दर महिन्याले." त्या दिवसापासून ते काम विश्वनाथनं कधी चुकवलं नाही. आणि टायगरनंतर भैयाजींकडे नवीन पिल्लू आलं, तेव्हा ते अंगठ्यांसकट राहिलं. त्याचे अंगठे पाहायला मला मुद्दाम कुंपणापाशी नेलं होतं.

आता बिजली म्हातारी झाली आहे आणि मीही पिवळा, खडबडीत झालो आहे. तुम्हाला हात जोडून सांगायचं, तर मला जोडायला हात नाहीत, म्हणून नुसतंच सांगतो. काही पिल्लांच्या मागच्या पायांवर हाड नसलेली, नुसती कातडीला लोंबणारी नखं असतात. ती सारखी अडकून दुखत असतील तर डॉक्टरांना दाखवा, ते सांगतील तसं करा. पण पाय साफ दिसावा एवढ्यासाठी कोणाचा अंगठा काढू नका. ठेवलात तर त्याला विसरू नका. महिन्यातून एकदा पाय हातात घ्या, पाहा, वाढलेलं टोक कापा.

प्रयागबाई आता नाहीत. पण दर वर्षी तान्ह्या पोळ्याला सुमती अंगणात उभी राहून त्यांच्यासारखाच पदर खोचते आणि शहराच्या दिशेला तोंड करून ओरडते, "कैची घेऊन जा गे मारबत!" विश्वनाथ नखं कापायची कैची हातात धरून, ओट्यावर माझा पाय मांडीवर घेऊन बसलेला असतो.

"थांब वं," तो म्हणतो, "टोक कापाची ही लहानशी राहू दे."